‘ए/पी’ लिहिलेले तीन कागद: पुण्यातल्या एका खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण एका एचिंगच्या, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लानं कोरून कागदावर छापलेल्या चित्राच्या, तीन प्रतींचं आहे. तिन्हींवर चित्रकाराची पेन्सिलीतली सही होती, तिन्हींवर ‘ए/पी’ लिहिलेलं होतं आणि तिन्हींची किंमत एकच सांगितली गेली होती. तपासल्यावर त्या तीन वेगवेगळ्या वस्तू निघाल्या. माणसं पुण्यातलीच आहेत, म्हणून नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संग्राहकांना सगळे काका म्हणतात, दिवंगत चित्रकारांना विद्यार्थी ‘सर’ म्हणायचे आणि त्यांच्या मुलीला ताई. इथेही तेच ठेवलं आहे. माझं काम कागद तपासणं आणि नोंदी लिहून काढणं एवढंच होतं.

पार्श्वभूमी

काका पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. राहायला एरंडवण्यात. संग्रहाची सुरुवात जुन्या बाजारात मिळालेल्या देवादिकांच्या जुन्या शिळाप्रेस चित्रांपासून झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली सुरू केलेल्या चित्रशाळेची काही चित्रं त्यांच्याकडे आहेत, मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधलीही आहेत. ही चित्रं घरोघरी पोचावीत म्हणून छापलेली. किती प्रती निघाल्या हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. पुढे काका आधुनिक छापचित्रांकडे वळले आणि मग तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागू लागला.

सर मुंबईला जे. जे.मध्ये शिकलेले. पुण्यात शिकवलं आणि सदाशिव पेठेतल्या घरात छोट्या एचिंग प्रेसवर स्वतःचं काम केलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते शाळकरी होते. त्या पुराचं चित्र त्यांनी १९८३ मध्ये जस्ताच्या प्लेटवर केलं: लकडी पुलाच्या अंगावरून जाणारं पाणी, वर भरून आलेलं आभाळ, काठावर सामानाचे ढीग. एडिशन, म्हणजे ठरवून काढलेल्या प्रतींचा संच, ३० प्रतींची. त्यातली ११/३० काकांच्या भिंतीवर बरीच वर्षं आहे.

ज्यांना या व्यवहाराची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं. चित्राखाली डाव्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला ११/३० म्हणजे तीसपैकी अकरावा कागद. तो अकराव्यांदाच छापला गेला असेल असं मात्र नाही. कागद वाळतात, गठ्ठा होतो, सह्या आणि आकडे नंतर एका बैठकीत पडतात. या तीसच्या बाहेर चित्रकार स्वतःसाठी काही प्रती ठेवतो, त्या आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे ए/पी. फ्रेंच पद्धतीनं काही जण त्यावर ‘ई. ए.’ लिहितात. एडिशनच्या साधारण दहा टक्के हा रूढ संकेत आहे, आणि त्यांना बहुधा रोमन आकडे देतात. प्लेट तयार होत असताना काम कुठवर आलं हे बघायला काढलेली प्रत वेगळी. ती ट्रायल प्रूफ किंवा स्टेट प्रूफ. आपल्याकडे बरेच चित्रकार आकड्याबाहेरच्या सगळ्याच कागदांवर सरसकट ‘ए/पी’ लिहून मोकळे होतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अडचण

सर २०१२ साली गेले. काही वर्षांनी आईही गेल्या. घर आवरताना ताईंना माळ्यावर एक फोल्डर मिळालं. त्यात पुराच्या चित्राचे तीन कागद होते, आणि शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती प्लेट. त्यांनी एका विक्रेत्याला दाखवलं. त्याने सांगितलं, ए/पी दुर्मीळ असतात, प्रत्येकी २५ हजार येतील. पण मी सगळं एकत्र घेतो, तिन्ही कागद आणि प्लेट मिळून ७० हजार. आकड्याच्या प्रती तोवर १५ ते १८ हजारांना गेल्या होत्या. ताईंना पैशांची घाई होती, पण काकांकडे वडिलांची प्रिंट आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी आधी काकांना फोन केला.

काकांच्या एका मुंबईच्या स्नेह्यांकडे याच चित्राचं एक प्रूफ होतं. त्यावर रोमन आकड्यांत दोन/तीन असं लिहिलेलं. म्हणजे सरांनी तीनच प्रूफं ठरवली होती, तीसच्या बरोबर दहा टक्के. फोल्डरमधल्या एका कागदावर एक/तीन होतं, ते जुळत होतं. उरलेल्या दोहोंवर नुसतं ‘ए/पी’, आकडा नाही. मग हे दोन कागद कुठले?

तपासणी

ताईंच्या घरी खिडकीपाशी टेबल रिकामं केलं. काकांनी ११/३० फ्रेममधून काढून आणली होती, आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. खात्रीची एक प्रत शेजारी नसेल तर भिंगातून कितीही बघा, आपण फक्त अंदाज करत असतो.

आधी हे एचिंगच आहे ना, हे पाहिलं. दहापट भिंगाखाली ऑफसेटचे रंगीत ठिपक्यांचे गुच्छ दिसतात, इंकजेटचे फवाऱ्यासारखे कण दिसतात. इथे शाईची रेघ कागदावर किंचित उभी होती, बोटाच्या पेराला कळेल इतकी, आणि चौफेर प्लेटच्या दाबाची कड होती. मापं चारही कागदांवर सारखी. छपाईसाठी ओला केलेला कागद वाळताना आकसतो, त्याने जो मिलिमीटरभर फरक पडतो तेवढाच.

मग फरक दिसू लागले. एक/तीन हा कागद ११/३० चा जुळा भाऊ होता. दुसऱ्या कागदावर आभाळच नव्हतं. पाणी होतं, काठ होता, सामान होतं, पण पुलाची एक कमान कोरलेलीच नव्हती आणि वरचा अर्धा भाग कोरा. राळेची पूड पसरून, तापवून, आम्लात बुडवून जो करडा पोत येतो तो अॅक्वाटिंट तिथे अजून झालाच नव्हता. काठावरच्या एका माणसाचा हात नंतरच्या सगळ्या प्रतींत खाली आहे, या कागदावर तो वर उचललेला आहे. सरांनी पुढे ती रेघ स्क्रेपरनं खरवडून काढली असणार, कारण ११/३० वर त्या जागी भिंगातून त्याची खूण दिसते: दबलेली, पुसट, बर्निशरनं घासलेली जागा. हा कागद एडिशनच्या आधीचा होता. मला तो तिन्हींत सर्वांत मोलाचा वाटला आणि अजूनही वाटतो.

तिसरा कागद सगळ्यात जास्त वेळ घेणारा. आभाळ फिकट, अॅक्वाटिंटचा दाणा झिजलेला. पाण्यातून खाली उजवीकडे केसासारखी एक तिरकी रेघ, आणि वर काळे बारीक ठिपके विखुरलेले. एचिंगमध्ये प्लेटवर ओरखडा पडला की त्यात शाई भरते आणि तो काळा छापला जातो. जस्त दमट हवेत उघडं राहिलं तर त्याला बारीक खड्डे पडतात, तेही काळेच उमटतात. म्हणजे ही प्रत प्लेट माळ्यावर काही पावसाळे काढून आल्यानंतरची. पण फक्त ११/३० वर रेघ नाही एवढ्यावरून असं म्हणता येत नाही, कारण आकडा हा छपाईचा क्रम नव्हे. काकांनी तीन मालकांकडून फोटो मागवले: ४, १९ आणि २८. एकाही प्रतीवर रेघ नाही. नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तिसरा कागद निळसर पांढरा चमकला, बाकीचे तिन्ही मंद राहिले. अशी चमक आणणारी रसायनं १९८३ च्या आधीपासून कागदात वापरात आहेत, म्हणून तीही एकटी पुरावा होत नाही. पण कागद निराळा आहे एवढं नक्की झालं.

आणि सही. वळण सरांचंच, पण रेघ कापरी.

पहिला निर्णय: विचारायचं कसं

काकांच्या मनात लगेच ‘बनावट’ हा शब्द आला. मी त्यांना तो उच्चारू नका म्हणून सांगितलं. पुरावा कागदाच्या वयाचा होता, कुणाच्या हेतूचा नव्हता. शिवाय समोर बसलेली बाई वडिलांच्या वस्तू आवरत होती.

काकांनी फार नीट विचारलं. “ताई, सही सरांचीच आहे, पण हात वेगळ्या काळातला दिसतो. शेवटी शेवटी कुणी प्रिंट काढून देत होतं का त्यांना?”

“काका, बाबांचा हात थरथरायचा नंतर. चहाचा कप सुद्धा दोन्ही हातांनी धरायचे. त्यांचा एक विद्यार्थी यायचा रविवारी, प्रेस तोच चालवायचा.”

विद्यार्थी आता स्वतः शिकवतात. फोन केल्यावर ते त्यांची छपाईची वही घेऊन आले. २००९ च्या पानावर ‘पूर – ७’ अशी नोंद होती. सरांनी जुनी प्लेट काढायला सांगितली, सात प्रती निघाल्या, सरांनी सह्या केल्या. विद्यार्थ्यांनी आकड्याचं विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, तीस झाल्यात, यावर ए/पी लिहू. कुणाकुणाला दिल्या त्यातली चार नावं वहीत होती. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना तेव्हाही वाटलं नव्हतं.

म्हणजे तिसरा कागद बनावट नव्हता. प्लेट सरांची, सही सरांची, छपाई त्यांच्या डोळ्यांदेखत झालेली. तरीही सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला हे म्हणावंसं वाटतं की १९८३ मध्ये तीस जणांना दिलेला शब्द त्या सात कागदांनी सैल केला. ए/पी हे अक्षर चित्रकाराच्या स्वतःच्या प्रतींसाठी असतं. संपलेली एडिशन लांबवायला नसतं. आपल्याकडे यावर बोट ठेवणारा खास कायदा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क या राज्यांत विक्रेत्याला एडिशनची माहिती लेखी द्यावी लागते. इथे सगळं चित्रकाराच्या शब्दावर आणि वहीवर चालतं, म्हणूनच वही नसली की सगळंच अधांतरी.

दुसरा निर्णय: काय घ्यायचं, कसं घ्यायचं

सोपा मार्ग समोर होता. काकांनी गप्प राहून दोन चांगले कागद २५-२५ हजारांना घ्यायचे आणि तिसरा विक्रेत्यासाठी सोडायचा. ताईंनाही पैसे लगेच मिळाले असते. पण मग तो तिसरा कागद ‘तीनपैकी एक प्रूफ’ म्हणून बाजारात गेला असता, आणि प्लेटही. विक्रेत्याने पाठवलेल्या मसुद्यात ‘प्लेट व त्यावरील सर्व हक्क’ असे शब्द होते. प्लेट विकत घेतली म्हणून छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो वारसांकडे असतो, चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ताई त्या एका ओळीवर सही करून तोच देऊन बसल्या असत्या. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला आणि त्याच्या तांब्याच्या प्लेटांवर पुढच्या शतकांतही छपाई होत राहिली. झिजलेल्या, दुरुस्त केलेल्या प्लेटांच्या त्या प्रती आजही अभ्यासकांना वेगळ्या काढत बसावं लागतं.

सगळं एकदम घ्यायचा विचारही काकांनी केला. ७० हजार देऊन विषय आपल्याकडे बंद करायचा. यात अडचण अशी की नको असलेल्या वस्तूची किंमत हव्या असलेल्या वस्तूत मिसळते, आणि पुढे विकायची वेळ आली तर कुठला कागद कितीला पडला हे सांगता येत नाही. कलाकृती आयकर कायद्यात वैयक्तिक वापराच्या वस्तूंत धरली जात नाही. विकून नफा झाला तर तो भांडवली नफा. प्रत्येक कागदाची वेगळी पावती हवीच. मागे हटायचा पर्याय काकांनी फारसा तोलला नाही. आभाळ नसलेला तो कागद त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

शेवटी त्यांनी १५ हजारांचा विसार दिला आणि सहा आठवडे मागितले. विसारपावतीत दोन अटी होत्या: नोंदी पूर्ण होईपर्यंत कागद आणि प्लेट कुठेही जाणार नाहीत, आणि नोंदी जुळल्या नाहीत तर विसार परत. ताईंना पहिली अट जड गेली. विक्रेता रोज फोन करत होता.

केलेली कृती

सहा आठवड्यांत एक नोंदपत्रक तयार झालं: वर्ष, तंत्र, प्लेटचं माप, कागद, एडिशन ३०, प्रूफ तीन, एडिशनपूर्व स्टेट एक, २००९ ची नंतरची छपाई सात, ओळखायची खूण कोणती. सरांच्या जुन्या वहीतून ३० पैकी १९ प्रती कुठे गेल्या ते सापडलं. विद्यार्थ्यांनी आपलं म्हणणं सहीनिशी लिहून दिलं. पुढच्या बाजूला सरांनी लिहिलेल्या अक्षराला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं ‘छपाई २००९, एडिशननंतर’ एवढंच लिहिलं. ते ताईंच्या हस्ताक्षरात आहे.

कागदांची प्रकृतीही बघावी लागली. आभाळ नसलेला कागद मध्ये कधीतरी फ्रेम झालेला होता. मागे प्लायवुड, पुढे साध्या पुठ्ठ्याचा माउंट, वर चिकटपट्टी. माउंटच्या कडेनं तांबूस पट्टा उमटला होता आणि एका कोपऱ्यात कसर लागली होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या संवर्धनाचं केंद्र आहे. काकांनी तिथे सल्ला घेतला आणि घरी काहीही ओलं-कोरडं करण्याचा मोह टाळला. आता तो आम्लरहित माउंटमध्ये जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर आहे, काचेला टेकत नाही, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावला जात नाही.

प्लेटवरून मतभेद झाले. काकांचं म्हणणं, रीतीप्रमाणे आडवी रेघ मारून ती रद्द करावी. ताई म्हणाल्या, “बाबांच्या हातच्या कामावर मी ओरखडा मारू देणार नाही.” माझा कल काकांकडे होता, पण वस्तू ताईंची. प्लेट साफ करून, वार्निशचा थर देऊन एका कला महाविद्यालयाच्या प्रिंटमेकिंग विभागाला दिली गेली, शिकवण्यासाठी दाखवायची, विक्रीसाठी छापायची नाही, अशा पत्रासह.

निष्पत्ती

काकांनी एक/तीन २२ हजारांना घेतली आणि आभाळ नसलेला कागद ३० हजारांना, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त. हा आकडा त्यांनी स्वतः सांगितला. एकमेव वस्तूला एडिशनच्या प्रूफाचा भाव लावणं त्यांना पटेना. तिसरा कागद सगळी माहिती सांगून सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने आठ हजारांना घेतला. ताईंच्या हाती ६० हजार आले. विक्रेत्याच्या आकड्यापेक्षा दहा हजार कमी, आणि दीड महिना उशिरा. हा तोटा खरा आहे आणि तो त्यांनी एकटीने सोसला. काकांनी तो भरून द्यायची तयारी दाखवली तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं.

सात प्रतींपैकी एक नाशिकच्या एका डॉक्टरांकडे निघाली. त्यांनी ती एका गॅलरीतून ‘फक्त तीनपैकी एक’ म्हणून घेतली होती. काकांनी त्यांना नोंदपत्रक पाठवलं. डॉक्टर आधी काकांवरच चिडले, मग गॅलरीला लिहिलं. गॅलरीने उत्तर दिलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

विसाराच्या कराराआधी ताईंना एका स्वतंत्र माणसाचा सल्ला मिळायला हवा होता. काका प्रामाणिक होते, पण ते खरेदीदारही होते, आणि मी त्यांच्या बाजूने आलो होतो. ताईंना तिन्ही कागदांची खरी ओळख आम्हीच सांगितली आणि भावही आमच्याच बाजूने ठरला. हेच काम सरांच्या दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याने केलं असतं तर व्यवहार अधिक स्वच्छ झाला असता.

नाशिकच्या डॉक्टरांना पत्र पाठवण्याआधी फोन करायला हवा होता. कागदावर छापलेलं पत्रक आरोपासारखं वाचलं गेलं.

प्लेटबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. महाविद्यालयाचं पत्र आजच्या विभागप्रमुखांच्या सहीचं आहे. दहा वर्षांनी तिथे कोण असेल आणि पत्र कुठल्या फाइलीत असेल, कुणी सांगावं. ताईंना न दुखावता एक मधला मार्ग होता: प्लेटच्या कोपऱ्यात, चित्राच्या बाहेर एक छोटं भोक. ते छापताना उमटतं आणि चित्र जसंच्या तसं राहतं. हे तेव्हा कुणीच सुचवलं नाही.

काका आता कुठलीही प्रिंट घेताना भाव विचारण्याआधी विचारतात: एडिशनची वही कोणाकडे आहे, प्रूफं किती आणि त्यांना आकडे आहेत का, प्लेट कुठे आहे. यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर कागद कितीही आवडला तरी त्या दिवशी पैसे देत नाहीत. सात प्रतींपैकी तीन अजून सापडलेल्या नाहीत. खाली उजवीकडे पाण्यातून जाणारी तिरकी रेघ ही त्यांची खूण आहे, आणि नोंदपत्रकाची प्रत ताईंकडे, विद्यार्थ्यांकडे आणि त्या महाविद्यालयात ठेवलेली आहे.